मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

गाडी घरी आणायची, पार्किंगमध्ये लावायची आणि मग मला हाक मारायची, अशी आमच्या सोसायटीतल्या पोरांची पद्धत आहे. "काका, जरा बघता का?" आता काय बघू? पैसे गेले, मालकी बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या झाल्या. वीसेक वर्षं जुन्या गाड्यांमध्ये हात काळे केलेत, दोनदा स्वतःही फसलोय, त्यामुळे थोडं तोडून बोललो तर चालवून घ्या.

आधी एक गोष्ट. आपण ज्याला स्पोर्ट्स कार म्हणतो ती बहुतेक वेळा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असलेली हॅचबॅक किंवा सेदान असते. उंची कमी करून खाली बसवलेली, सायलेन्सर बदललेला, रिमॅप मारलेला, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललेलं. खरी दोन सीटची गाडी पहिल्याच फटक्यात घ्यायला निघालेल्यांनी हा लेख दोनदा वाचावा.

गरम इंजिन बघून सौदा करणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते. विकणारा सांगतो, "दहाला या." आपण दहाला जातो, गाडी सुरूच असते, आवाज मस्त. अरे, पण गाडीचं खरं रूप रात्रभर उभी राहिल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं. तेव्हा निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. इंजिन तापलं की यातलं बरंच झाकलं जातं.

चार वर्षांपूर्वी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाबरोबर मीरा रोडला गेलो होतो. वेळ दहाची ठरली होती, मी त्याला मुद्दाम सव्वाआठला नेलं. बोनेटवर हात ठेवला तर चटका बसला. मालक म्हणाला, "सकाळी पेट्रोल भरायला गेलो होतो ना." मी आत बसून चावी फिरवली. पेट्रोलचा दिवा पेटलेला, काटा तळाला. पेट्रोल भरायला गेलेला माणूस रिकामी टाकी घेऊन परत येतो का? मी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, चल, चहा पिऊ आणि घरी जाऊ. तो गप्प. मग कळलं, पन्नास हजार टोकन आधीच ऑनलाइन गेलेलं.

गाडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याने ती सुरू केली आणि तळमजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली. निळ्या धुरात पार्किंगचा खांब दिसेना. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला, तीन सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास, चौथा ९५. इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या रिंगा बसतात तिथली कड तुटलेली निघाली. कारण साधं होतं. रिमॅप ९७ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेला आणि आधीचा मालक पंपावर मिळेल ते ९१ भरून एक्सप्रेसवेवर दामटवत होता. कमी ऑक्टेनचं पेट्रोल आणि जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) म्हणजे ठिणगीबरोबर जळायचं सोडून मिश्रण भलत्याच वेळी भडकतं, आणि तो मार पिस्टन खातो. खर्च पावणेदोन लाख. टोकन सोडलं असतं तर पन्नास हजारांत सुटला असता.

माझी सवय सांगतो. फोनवरच बजावायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. ठरल्यापेक्षा तासभर आधी पोचायचं. सगळ्यात आधी बोनेटवर हात, मग नमस्कार.

"सगळं काम झालंय गाडीचं"

यादी वाचून लाळ गाळणं ही दुसरी. डाउनपाइप, इंटेक, कॉइलओव्हर, स्टेज टू, म्हणजे धुराची नळी, हवेची नळी, सस्पेन्शन आणि वाढीव ताकदीचा रिमॅप. नवशिक्याला वाटतं, दोन लाखांचं सामान फुकटात मिळतंय. मी त्या यादीला एक रुपयाही जास्त देत नाही. मला दोन गोष्टी हव्यात: काम कुणी केलं त्याची बिलं, आणि काढलेलं कंपनीचं सामान. मूळ स्प्रिंगा, एअरबॉक्स, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट. तो "भंगारात दिलं" म्हणाला की समजायचं, ते आपल्याला शोधायचंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुट्या भागांच्या दुकानांत कॅट शोधत फिरलात की यादीचं कौतुक संपेल.

उलटाही प्रकार असतो. महागडं सामान काढून वेगळं विकतात आणि रिमॅप तसाच राहतो. मोठ्या इंटरकूलरसाठी (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) लिहिलेला मॅप छोट्या इंटरकूलरवर चालतोय, आणि नव्या मालकाला पत्ता नाही.

कायद्याचं बोलायला कुणाला आवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी मनाने बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक म्हणजे आता तुम्ही. "रस्त्यात कोण अडवतंय?" असं विचारणाऱ्यांना माझा प्रश्न, गाडीला १५ वर्षं कधी होतात? तेव्हा नोंदणी वाढवायला ती तपासणीला न्यावीच लागते. बारा वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या हातात तीनच वर्षं आहेत.

स्प्रिंगा कापलेली गाडी

विकणारा तुम्हाला गुळगुळीत पाम बीच रोडवर चक्कर मारवेल. तुम्ही पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीत घ्या. नंतर जॅक लावून चाक उचला आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. जागेवर खुळखुळली तर ग्राइंडरने कापलीय. पैसे वाचवायचा याहून घाणेरडा मार्ग मी पाहिलेला नाही. टायरच्या आतल्या कडेवरूनही हात फिरवा. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतून तारा दिसतायत, असं खाली बसवलेल्या गाड्यांमध्ये नेहमीचं.

पावसाचं पाणी

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, पण गाडी मरायला तेवढा लागत नाही. थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर बंपरच्या मागे खाली बसवलेला असला की हिंदमाताला गुडघाभर पाणीही पुरतं. इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा रॉड वाकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाडी बुडालेली असली तर त्यावर चिखलाची रेघ असते. स्टेपनीखालचा खड्डाही बघा.

बाकीचं भराभर.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. एकही कोड नाही, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दाखवतोय, तर कालच कोड पुसलेत. "बॅटरी बदलली" हे उत्तर मी पाठ केलंय.

आरसीवरचा रंग, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवा.

कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. ई-चलनं त्याच्यासमोर मोबाइलवर बघा.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून ती इकडे येते. वर इथला रोड टॅक्स तुम्ही भरणार.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, आणि बदल कळवा. लपवलेत तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर ते आधी शोधतो. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

आणि गाडी आल्यावर महिनाभर तिला काहीही लावू नका. नुसती चालवा, ऑइल बदला, आवाज ओळखीचे होऊ द्या. मीरा रोडवाल्या मुलाने पिस्टन बदलल्यावर गाडी पूर्ण कंपनीच्या सामानावर आणली, आता ती सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, आजींची खिडकी उघडी असते. परवा लिफ्टमध्ये भेटला तर विचारत होता, काका, नुसता सायलेन्सर बदलला तर? त्याच्या आईला मी सांगून ठेवलंय.