भीमाशंकरच्या जंगलात झाडं ओळखायला शिकताना

शेकरू दिसलं की सगळ्यांच्या माना वर जातात. कॉलेजच्या मुलांना घेऊन गेले की मी विचारते, ते बसलंय ते झाड कोणतं? १९८५ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात शेकराचं घर, खाणं आणि ये-जा झाडांच्याच भरवशावर चालते, म्हणून सुरुवात झाडापासून करावी.

सोबत दहापट भिंग, वही आणि पेन्सिल घ्या. पावसात शाई फिस्कटते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, गर्दीत काही बघून होत नाही. पहिल्या दिवशी फार चालू नका. वाटेवरची पाच झाडं निवडा आणि त्यांच्यापाशीच वेळ घालवा.

पान तोडायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही नेता येत नाही, आणि शिकायला खाली पडलेलं पान पुरतं. मात्र ते वरच्या फांदीशी ताडून बघा, वाऱ्याने शेजारच्या झाडाचंही आलेलं असतं.

जांभूळ आणि अंजनी इथे भरपूर. दोन्हींची पानं समोरासमोर, म्हणून नवखा माणूस हमखास गोंधळतो. जांभळाचं पान उजेडाकडे धरा. मधल्या शिरेतून निघालेल्या बारीक, दाट शिरा कडेला पोचायच्या जरा आधी एका शिरेला मिळतात. कडेने धावदोरा घातल्यासारखं दिसतं. चुरगळलं तर वासही येतो. अंजनीचं पान जाड, आणि मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा जवळपास दिसतच नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या फांद्यांना चिकटून निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके येतात, तेव्हा तर शंकाच उरत नाही. हिरड्यासाठी भिंग काढा आणि देठाच्या वरच्या टोकाशी, पान सुरू होतं तिथे, बघा: दोन बारीक गाठी दिसतील. त्याच झाडाचा बाळहिरडा, म्हणजे कोवळं फळ, वाळवून विकणारी महादेव कोळी घरं इथल्या गावांत आहेत. वाटेत कुणी आजी भेटल्या तर थांबून बोला. झाडाला बहर कधी येतो, कोणत्या वर्षी फळ कमी धरलं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

उतारावरच्या कारवीचं मात्र वर्ष लिहून ठेवा. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. कड्यावरची रानकेळ, आपली कवदर, पावसाळ्यातच बघायला मिळते. नंतर वरचा भाग वाळून जातो आणि कंद तेवढा राहतो. तिला बाजूने कोंब फुटत नाहीत, पुढची पिढी फक्त बियांवर. म्हणून तिचा घड कापलेला दिसला की मला फार वाईट वाटतं.

फोटो काढताना फुलावरच थांबू नका. पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची आणि खालची बाजू, पान फांदीला जोडलंय ती जागा, हे सगळं घ्या. नुसत्या फुलावरून जाणकारालाही कित्येकदा नाव सांगता येत नाही. आमरी (ऑर्किड) किंवा कंदिलपुष्पासारखी (कंदिलाच्या आकाराच्या फुलांची) दुर्मिळ वनस्पती सापडली तर फोटो खुशाल दाखवा, पण मोबाइलमधलं लोकेशन आधी बंद करा. अशी झाडं उपटून नेणारेही ते फोटो बघत असतात.