पोवई नाक्यावर काटा चढायचा, हायवेला उतरायचा

खंबाटकी चढताना गाडी ठीक, पण साताऱ्यात पोवई नाक्यावर पाच मिनिटं अडकलो की इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडे. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर एरवी ९० अंश, तिथे ११२. इंजिन गार ठेवणारं कूलंट बदललं, त्याचा प्रवाह सांभाळणारा थर्मोस्टॅट बदलला, पैसे पाण्यात.

पळत्या गाडीचा रेडिएटर वाऱ्याने गार होतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. गार इंजिन चालू करून एसी लावला, म्हणजे पंखा फिरायला हवा, पण तो ढिम्म. गाडी बंद केली. फ्यूज शाबूत. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून पंख्याचा रिले (त्याला वीज जोडणारा छोटा स्विच) काढला, त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे बसवला. परत एसी लावला, पंखा घुरघुरला! जुन्या रिलेची एक पिन जळून काळी पडलेली. नवीन टाकला.

आता नाक्यावर ९८ ला पंखा लागतो, ९२ ला थांबतो. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. माझ्या मनगटावर डाग आहे.