रोजची पंधरा मिनिटे प्रभूसोबत

नव्या वर्षाच्या उपासनेहून घरी येताना पुष्कळ जण ठरवतात की यंदा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या उत्पत्ती पुस्तकापासून शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत वाचून काढायचे. एकूण अध्याय 1,189, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीतल्या गोष्टी भराभर सरतात. 23-24 जानेवारीच्या सुमारास निर्गम पुस्तकातल्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापे सुरू होतात, महिनाअखेरीस लेवीय हे नियमांचे पुस्तक लागते आणि तिथे वाचन अडते. आठवडा चुकला की बावीस-तेवीस अध्याय थकतात, मग शास्त्र हातात घ्यायचीच लाज वाटू लागते. श्रद्धा कमी आहे म्हणून असे होत नाही. पहिलाच घास मोठा घेतलेला असतो.

म्हणून पंधरा मिनिटे पुरेत, पण ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा: सकाळचा चहा, मुलांची शाळेची बस गेल्यानंतरची वेळ, दुकान उघडण्याआधीची वेळ. ‘वेळ मिळाला की करू’ म्हटले की ती वेळ येत नाही. जागाही एकच ठेवा. छापील शास्त्र, वही आणि पेन रात्रीच तिथे मांडून ठेवा. मोबाइलवर वाचायला हरकत नाही, पण आधी इंटरनेट बंद करा. नाहीतर दोन वचने होतात न होतात तोच व्हॉट्सअ‍ॅप उघडले जाते.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून करावी. शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, 16 अध्यायांचे. रोज 15 ते 20 वचने घेतली की सव्वा महिन्यात होते. चौदावा अध्याय 72 वचनांचा आहे, त्याला चार दिवस द्या. जुन्या भाषांतरातली वाक्ये अडत असतील तर सोप्या मराठीतला नवा करार घ्या. नंतर फिलिप्पैकरांस पत्र, ते आठवड्याभराचे. मग स्तोत्रसंहितेतले रोज एक स्तोत्र. 119वे स्तोत्र मात्र आठ-आठ वचनांच्या 22 भागांत रचलेले आहे, रोज एकच भाग घ्या.

पहिली दोन मिनिटे नुसते शांत बसा. मग उतारा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातात, उच्चारताना थांबावे लागते. दुसऱ्यांदा सावकाश वाचा आणि जिथे मन अडेल ते एकच वचन तारखेसह वहीत उतरवा. आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट घ्या (मार्क 10:46-52). त्याला काय हवे आहे हे समोर दिसत असूनही येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? तोच प्रश्न तुम्हाला विचारला आहे असे समजून उत्तर द्या. प्रार्थना तिथूनच सुरू होते.

प्रार्थनेसाठी पाच-सहा मिनिटे ठेवा. आधी स्तुती, मग पापकबुली, उपकारस्तुती आणि शेवटी विनवण्या. विनवण्यांनी सुरुवात केली की बाकीचे राहूनच जाते. व्यासपीठावरची भाषा इथे आणू नका. आईशी बोलता त्या बोलीत बोला, मग ती नगरी असो, वऱ्हाडी असो की वसईची कादोडी. पाठ झालेली वाक्ये तोंडातून निघत राहतात आणि मन बाजारात फिरत असते. मध्येच दूधवाल्याचे बिल आठवले तर स्वतःवर चिडू नका. बाजूच्या कागदावर लिहा, पुढे चला. तेच तेच पुन्हा आठवत असेल तर त्याचीच प्रार्थना करा. दुसऱ्यांसाठी रोज तीनच नावे घ्या आणि वार वाटून द्या: सोमवारी नातेवाईक, मंगळवारी शेजारी, बुधवारी आजारी माणसे. पंचवीस नावे रोज घेतली की ती हजेरी होते.

दिवसभरासाठी एखादे छोटे वाक्य जवळ असू द्या. ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ एवढेही पुरते. जिना चढताना, लोकलची वाट पाहताना, अवघड फोन उचलण्याआधी ते म्हणा. ‘निरंतर प्रार्थना करा’ (1 थेस्सलनीकाकरांस 5:17) हे अशानेच अंगवळणी पडते.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या एखाद्या गीताची दोन कडवी, आठ-दहा वचने, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचन मुलांना द्या, अडखळू द्या. कॅथलिक घरांत या वेळी जपमाळ होते. तिची दहा-दहा मण्यांची पाचही दशके म्हणताना लहानगे पेंगत असतील तर त्यांना एका दशकानंतर उठू द्यावे. सगळ्यात घातक चूक मोठ्यांची असते: ‘हे प्रभू, याला अभ्यास करायची बुद्धी दे’ असे मुलासमोर म्हणणे. ते बोलणे देवाशी नसते, मुलाला दिलेला टोमणा असतो, आणि मुलाला तो बरोबर कळतो. त्याच्याबद्दलची काळजी सकाळी एकट्याने देवापुढे मांडा. संध्याकाळी त्याच्याबद्दल फक्त आभार माना.

शनिवारी रात्री रविवारचा उतारा ठाऊक असेल तर एकदा वाचून ठेवा, उपदेश ऐकताना फरक जाणवेल.

कोरडे दिवस येतातच. त्या दिवसांत प्रार्थना ओढूनताणून रचू नका, स्तोत्रे उसनी घ्या. 13वे स्तोत्र सहा वचनांचे आहे आणि ‘कोठवर?’ याच प्रश्नाने सुरू होते. 88वे तर अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे. महिनाभर झोप, भूक, कामातले लक्ष सगळेच उडाले असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. कालचा उतारा सोडून आजचा उघडा. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते असे विलापगीताचा तिसरा अध्याय सांगतो. रात्रपाळी असेल तर तुमची सकाळ दुपारी चारला होते, चहा तेव्हाच घ्या आणि शास्त्रही तेव्हाच उघडा. तापाने पडून असाल तर वही-पेन राहू द्या. 23वे स्तोत्र घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा आणि ऐका.