वाडा सोडून फ्लॅटमध्ये जाताना सामान विकताय? या चुका टाळा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात आईचं तांब्याचं घंगाळ काट्याला टांगलं होतं. घेणारा आकडा वाचत होता आणि आई भिंतीला टेकून घंगाळाच्या कडीकडे बघत होती. त्या कडीजवळ तांबटानं कधीतरी डाग देऊन केलेली दुरुस्ती होती, रुपयाएवढी. "अक्का, नऊ किलो भरलं. मोडीच्या भावानं घालू की?" आई काही बोलली नाही. मीच "घाला" म्हटलं, कारण संध्याकाळी टेम्पो येणार होता. वर्षभरानं तेच घंगाळ, त्या डागासकट, एका हॉटेलच्या दारात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या घालून ठेवलेलं दिसलं. मोडीचा भाव मिळाला याचं मला तेवढं वाटत नाही. आईला मी विचारलं नाही, हे अजून खुपतं.

त्यानंतर ओळखीतल्यांची, मग त्यांच्या ओळखीतल्यांची घरं आवरायला मी जाऊ लागले. पेठांतली जुनी घरं, राजारामपुरीतले बंगले, ताराबाई पार्कातले मोठे ब्लॉक. दोघंच म्हातारे, जिने चढवत नाहीत, मुलं पुण्याला किंवा परदेशात, म्हणून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरतं. माणसं वेगळी असली तरी चुका त्याच होतात. बहुतेक सगळ्या चुकांचं मूळ एकच सापडतं: भाव आधी विचारला जातो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नंतर.

घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी बोलावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुनं सामान घेणारा घरात येतो, सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारतो आणि म्हणतो, "उक्तं सांगा की, सगळं एकदम नेतो. तुम्हाला झाडून घ्यायचं पण काम ठेवत नाही." दमलेल्या माणसाला हे फार बरं वाटतं. पण उक्ता भाव देणाऱ्यानं त्या फेरीत दोन-तीन वस्तू हेरलेल्या असतात. शिसवी खुर्च्यांचा जोड, माळ्यावरची काचेची हंडी, देवघराशेजारी लावलेली रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी. सगळ्या घराचे पैसे तो त्या दोन-तीन वस्तूंतच वसूल करतो, उरलेलं त्याला फुकट पडतं.

अमेरिकेत या कामाची वेगळी पद्धत आहे. 'इस्टेट सेल' करणारी कंपनी घरात येते, कपबशीपासून कपाटापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावते, दोन-तीन दिवस घरातच विक्री मांडते आणि शेवटच्या दिवशी भाव उतरवून उरलेलं काढते. जी विक्री होईल तिच्यावर ठरलेली टक्केवारी घेते. म्हणजे वस्तू जास्तीला गेली तर कंपनीलाही जास्त मिळतं. आपल्याकडे हे काम तुकड्यातुकड्यानं होतं: भांडी मोडवाल्याकडे, लाकूड जुन्या फर्निचरवाल्याकडे, सोनं गुजरीत म्हणजे सराफ बाजारात, चित्र किंवा नाणी मुंबईच्या लिलावगृहाकडे. यातल्या मोडवाल्याचा आणि फर्निचरवाल्याचा फायदा तुम्हाला कमी देण्यात आहे, कारण ते स्वतः विकत घेतात. तो त्यांचा धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही. पण सल्ला त्यांच्याकडूनच घ्यायचा नसतो.

म्हणून घरात कुणी यायच्या आधी यादी करा. साधी दोनशे पानी वही चालते. वस्तू, माप, कुठून आली, आणि मोबाईलवर तीन फोटो: समोरून, मागून आणि कुठे ठसा, सही, नाव असेल तिथलं जवळून. भांड्यांवरची नावं आवर्जून वाचा. आपल्याकडे लग्नातल्या आहेरावर नाव आणि तारीख घालायची रीत होती, त्यामुळे भांड्याचं वय बुडावरच सापडतं.

चार दिवसांच्या रजेत घर रिकामं करणं

पुण्याहून मुलगा येतो, बंगलोरहून मुलगी, रविवारी परत जायचं असतं. आईवडिलांना खुर्चीत बसवून मुलं "हे ठेवायचं का?" असं दर मिनिटाला विचारत सुटतात. दुपारपर्यंत म्हातारं माणूस सगळ्यालाच "ठेवा" म्हणतं, नाहीतर सगळ्यालाच "टाका". दोन्ही उत्तरं थकव्याची असतात.

मी दिवसाला दोन तासांच्या वर कुणाला बसवत नाही, तेही सकाळी. सुरुवात माळ्यापासून किंवा न्हाणीघरापासून. फोटोंची पेटी आणि साड्यांचं कपाट सगळ्यात शेवटी. ते पहिल्या दिवशी उघडलं तर त्या दिवशी दुसरं काम होत नाही आणि होऊही नये. शिवाजी पेठेतल्या एका आजींनी तेवीस डब्यांपैकी एकच पितळी डबा ठेवला, वाटीएवढा, हिंगाचा. झाकण उघडून त्यांनी मला वास दिला. चाळीस वर्षांचा हिंग होता त्यात. बाकीचे बावीस त्यांनी स्वतःच, न सांगता, बाजूला सरकवले. एवढं मनासारखं ठेवता आलं की बाकीचं सुटतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आणि नव्या फ्लॅटची मापं आधी घ्या. भिंतींचीच नव्हे, लिफ्टच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाचीही. खडूनं जुन्या सोप्यातच नव्या बैठकीचा चौकोन आखा आणि आईवडिलांना त्यात उभं करा. सागवानी पलंग आणि आरशाचं कपाट दोन्ही बसत नाही, हे त्यांना तुमच्या सांगण्यापेक्षा त्या चौकोनात लवकर पटतं.

भावंडांना न विचारता विकणं

यावर फार लिहायला नको. वाटणी न झालेल्या घरातली वस्तू एकट्यानं विकली की पैशापेक्षा बोलणीच जास्त खावी लागतात. यादीचे फोटो सगळ्यांना पाठवा, उत्तराला पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि वडीलधाऱ्यांनी "हे हिला" म्हटलं असेल तर ते वहीत त्यांच्याच हातानं लिहून घ्या.

घासून लख्ख करणं

गिऱ्हाईक येणार म्हणून लोक मूर्ती, समया चिंचेनं आणि पितांबरीनं घासतात, लाकडाला नवं पॉलिश मारतात. रोजच्या भांड्यांना ठीक आहे. पण जुन्या पितळेवर, ब्राँझवर वर्षानुवर्षं चढलेला गडद थर हाच वस्तूच्या वयाचा पुरावा असतो, आणि जाणकार घेणारा तोच बघतो. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा आणि थांबा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथल्या पेट्यांच्या तळाशी अजून गाळाची रेघ असते. असं लाकूड उन्हात टाकू नका, तडकतं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. विकताना मात्र पुराचं पाणी लागलेलं होतं हे स्वतःहून सांगा.

"आपलंच आहे, कुणाला विचारायचं?"

इथे चूक पैशाची राहत नाही, कायद्याची होते. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कोरीव काम, नाणं ही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. स्वतःच्या घरात ठेवायला मनाई नाही, पण मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी लागते, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. घेणाऱ्याला तो दाखवायला सांगा. परदेशातल्या मुलानं आजोबांची देवातली मूर्ती बॅगेत घालून नेणं तर करूच नका. पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला मिळतो, तो आधी घ्यावा.

आपल्या भागातली दुसरी अडचण शिकारीची. दाजीपूरचं जंगल एके काळी संस्थानाचं शिकारीचं रान होतं, आणि जुन्या घरांत सांबराची शिंगं, कातडी, वाघनखाची लॉकेटं अजून निघतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यांची विक्री होत नाही. मालकीचा दाखला असला तरी नाही. वारसानं पुढे जाऊ शकतं, एवढंच. दाखला नसेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. "किती देऊ?" म्हणणारा कुणी भेटला तर बोलणंच थांबवा. परवान्याची बंदूक असेल आणि परवानाधारक वारले असतील तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तलवारीचंही आधी ठाण्यात विचारून घ्या.

साडीच्या घडीत किंवा तांदळाच्या डब्यात २०१६ आधीच्या पाचशे-हजाराच्या नोटा सापडल्या, तर दहापेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर ती फसवणूकच. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये तसा इशारा दिलेला आहे.

साज मोडीत घालणं

कोल्हापुरी साज, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ नुसत्या वजनावर विकली तर घडणीचे पैसे शून्य. जुनी घडण नव्यानं करून घ्यायला आज किती पडेल ते एकदा विचारून बघा. विकायचंच असेल तर निदान दोन ठिकाणी टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढा, तुमच्या डोळ्यांसमोर वजन करा, दागिन्यात भरलेली लाख आणि मणी किती वजा धरले ते कागदावर लिहून घ्या. हुपरीच्या चांदीचंही तेच. वितळवल्यावर भांडण उरत नाही, कारण पुरावाच उरत नाही.

कराचं थोडं. घरात वापरलेलं फर्निचर, भांडी, कपडे विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना ही सवलत नाही. २००१ च्या आधीपासून घरात असलेल्या दागिन्यांसाठी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, त्यासाठी मूल्यांकनकाराचा दाखला घेऊन सीएकडे जा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेऊ नका. ते नियमात बसत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात तेवढी रोकड असूही नये.

कागद रद्दीत देणं

एका घरी मी पोचायच्या आधीच दोन पोती रद्दी गेली होती. तिसरं पोतं दारात होतं, त्यात मोडी लिपीतले कागद निघाले: जमिनीचे, सावकारीचे, एक वंशावळ. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोक असे कागद गावोगाव शोधत फिरताहेत आणि आपण ते किलोवर घालतो. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवेपर्यंत काही टाकू नका. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, विद्यापीठ आहे, विचारायला जागा आहेत. त्याच पेटीत जुने शेअर असतील तर कंपनी बंद पडली असं गृहीत धरू नका. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारी निधीत जातात आणि वारसाला मागता येतात. विसरलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नावावरून शोधता येतात.

हे सिनेमाचं गाव. प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली. त्यामुळे एखाद्या माळ्यावर फिल्मचे पत्र्याचे डबे निघणं नवल नाही. १९५० च्या सुमाराच्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते, आणि ती भडकन पेट घेते. डबा उन्हात ठेवू नका, देवघराजवळ नको, गॅसजवळ तर नकोच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

लिलावाला देताना करार न वाचणं

आपल्याला लिलाव म्हटलं की मार्केट यार्डातला गुळाचा सौदा आठवतो: माल समोर, बोली समोर, भाव तिथल्या तिथे. चित्रं-नाण्यांचा लिलाव तसा नसतो. वस्तू आधी मुंबईला जाते, काही महिने तिथे राहते आणि विकली जाईलच असं नाही. हातोडा पडतो त्या रकमेतून तुमच्याकडून कमिशन कापतात, आणि घेणाराही त्यावर वेगळा प्रीमियम भरतो. म्हणून बातमीत छापलेला आकडा तुमच्या हातात येत नाही. सही करण्याआधी एवढं लेखी विचारा: कमिशन किती, कमीत कमी किंमत काय धरली आहे, फोटोचे आणि विम्याचे पैसे कोण भरणार, वस्तू विकली नाही तर परत आणायचा खर्च कोणाचा, आणि पैसे किती दिवसांत. एका ओळखीच्यांचं चित्र विकलं गेलं नाही, आणि ते परत आणायला गाडीभाडं, पॅकिंग मिळून त्यांना खिशातून घालावं लागलं. करारात ती ओळ होती. वडिलांच्या चष्म्याला ती दिसली नाही, आणि मुलांनी कागद पाहिलाच नव्हता.

अडकलंच तर

ऑनलाइन जाहिरात टाकली आणि समोरचा म्हणतोय "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा"? करू नका. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिनही लागत नाही. बघायला येणाऱ्यांना घरात दुसरं कुणी असेल तेव्हाच बोलवा, आणि वस्तू पुढच्या खोलीत आणून ठेवा. आतल्या खोल्या दाखवायचं कारण नाही.

सागवानी कपाटाला कुणी भावच देत नाही? पावसाळ्यात विकायला काढलं असेल. लाकूड फुगलेलं, दारं लागत नाहीत, टेम्पो मिळत नाही. दसऱ्यापर्यंत थांबता आलं तर थांबा. तरीही नाही गेलं तर सुताराला बोलवून लाकूड घनफुटावर मोजून घ्या. जुन्या सागाला गिऱ्हाईक असतं.

वस्तू दिली आणि रात्री आईला झोप लागत नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून परत मागा. आठ दिवसांत परत घेता येईल अशी अट मी आता घेणाऱ्याकडून वहीतच लिहून घेते, सहीसकट. राजारामपुरीतल्या एका काकांनी अशी एक आरामखुर्ची परत आणवली. फ्लॅटमध्ये ती दारात आडवी येते, वळसा घालून जावं लागतं, आणि घरातले सगळे वळसा घालून जातात.