सायटेशन हरवतात कुठे? मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांनो, या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात नांदेडहून एक प्राध्यापिका माझ्याकडे संभाजीनगरला आल्या. कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेची, मुलाखत पंधरा दिवसांवर आलेली. पिशवीत अकरा शोधनिबंधांच्या छापील प्रती, प्रत्येकीवर तारीख टाकलेली. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीवर त्यांनी बारा वर्षं काम केलंय. ते पेपर मी वाचलेत, काम चोख आहे. पण स्कोपसमध्ये, म्हणजे शोधनिबंध आणि त्यांची सायटेशन (इतरांनी त्यांचे दिलेले संदर्भ) मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये, त्यांच्या नावावर चारच पेपर दिसत होते.

"बाकीचे सात गेले कुठं मॅडम? सापडंनात," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी बसून शोधायला लागलो. तीन पेपर त्यांच्या माहेरच्या आडनावावर निघाले. दोन अशा आडनावावर, जे त्यांच्या घरात कुणाचंच नाही. आणि उरलेले दोन ज्या जर्नलमध्ये छापले होते, ते स्कोपसमध्ये कधी नव्हतंच. दर वर्षी कुणी ना कुणी हीच अडचण घेऊन येतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली चूक नावाची

आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पेपर पाठवताना पुष्कळजण तोच क्रम जसाच्या तसा टाकतात. जर्नलचं सॉफ्टवेअर मात्र शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. वडिलांचं नाव रामराव असेल, तर मुलगी जगभरच्या डेटाबेसमध्ये 'रामराव' आडनावाची होते आणि तिचं खरं आडनाव एका अक्षरात आखडून जातं. नांदेडच्या बाईंचे ते दोन पेपर असेच हरवले होते.

लग्नानंतर आडनाव बदललं की दुसरी गाठ पडते. माझं मत स्पष्ट आहे: रेशनकार्डावर काहीही असो, पहिल्या पेपरवर जे नाव छापलं तेच शेवटपर्यंत चालवावं. मी तेच केलं. ज्यांचं नाव आधीच बदललंय त्यांनी ऑर्किड आयडी काढून त्यात दोन्ही नावं नोंदवावीत. हा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो आणि नाव, गाव, नोकरी काहीही बदललं तरी तो बदलत नाही. पेपर पाठवताना तो भरला आणि पेपरांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेला एकदा परवानगी दिली, की पुढचे पेपर बहुतेक वेळा आपोआप खात्यात जमा होतात.

जुने तुकडे जोडायलाही पैसे लागत नाहीत. स्कोपसकडे दोन-तीन प्रोफाइल एकत्र करायची विनंती लेखकाला स्वतः करता येते. गूगल स्कॉलरवर एकाच पेपरच्या दोन नोंदी झाल्या असतील तर दोन्हींवर खूण करून त्या विलीन करता येतात. हे काम मुलाखतीच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका, तपासणीला वेळ लागतो.

याच्या उलटही घडतं. एखाद्या विद्यार्थ्याचं सायटेशन रातोरात दोनशेने वाढतं आणि तो खूश होतो. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावं आणि त्यात आद्याक्षरंही तीच. स्कॉलर दुसऱ्याच कुणाचे पेपर आपल्या खात्यात आणून टाकतं. 'आपोआप जोडा' हा पर्याय बंद करा आणि 'आधी मला ईमेल करा' हा ठेवा. समितीसमोर दुसऱ्याचा पेपर आपल्या खात्यात निघणं हे दोन पेपर कमी दिसण्यापेक्षा फार वाईट. त्यावेळी 'मला माहीत नव्हतं' हे कुणी ऐकून घेत नाही.

संस्थेचं नाव एकच लिहा

मराठवाड्यात ही अडचण जरा जास्तच आहे, कारण आपल्या संस्थांची आणि गावांची नावं बदलत आली. १९५८ चं मराठवाडा विद्यापीठ १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. परभणीचं १९७२ चं मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. औरंगाबाद तर बिहारमध्येही आहे! त्यात कुणी 'बामु' लिहितं, कुणी नुसतं विभागाचं नाव. विद्यापीठाच्या वेबसाइटवर इंग्रजीत जे पूर्ण नाव आहे ते स्पेलिंगसकट उतरवून घ्या आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवा. प्रत्येक विद्यार्थ्याने तेच वापरायचं.

आकडा सांगताना

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. समजा तुमच्या सहा पेपरांना ४०, १२, ६, ४, ३ आणि १ अशी सायटेशन आहेत. चार पेपरांना प्रत्येकी किमान चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ४. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर दोन, म्हणून आय-टेन २. एवढं सोपं असूनही बायोडेटात हमखास घोळ होतो, कारण आकडा कुठून घेतला ते लिहिलेलं नसतं. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकातली प्रकरणं सगळं मोजतं. स्कोपस आणि तसाच दुसरा डेटाबेस वेब ऑफ सायन्स मुख्यतः निवडक जर्नलं मोजतात. म्हणून एकाच माणसाचा एच-इंडेक्स एकीकडे ११ तर दुसरीकडे ७ दिसतो. दोन्ही खरेच असतात. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहिली की प्रश्न मिटतो.

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, लेखकाचा नाही. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढाच तो हिशोब. तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये येतो. नावात 'इम्पॅक्ट फॅक्टर' घातलेले इतर आकडे विकत मिळतात. जर्नलने वेबसाइटवर तीन दशांश स्थळांचा ताजा आकडा मिरवला असेल तर सावध व्हा. २०२३ पासून खरा आकडा एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जातो. आपल्या सगळ्या पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून बायोडेटात लिहायची पद्धतही सोडा, त्या बेरजेला काही अर्थ नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला न विचारता एका जर्नलला पैसे भरले. चार दिवसांत स्वीकृती आली, परीक्षकांचा एक शब्दही नाही. काम चांगलं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. पेपर मागे घेता येईना, दुसरीकडे देताही येईना. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून जर्नल पारखायची जबाबदारी आपल्यावरच आली आहे. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) घेऊन स्कोपसच्या स्रोत-यादीत स्वतः शोधा, आणि जर्नल कोणत्या वर्षापर्यंत घेतलंय तेही पाहा. पुष्कळ जर्नलं काढून टाकलेली असतात आणि त्यांच्या वेबसाइटवर बोधचिन्ह मात्र तसंच राहतं.

दुसऱ्याला वापरता येईल असं ठेवा

जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर कोणता? ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, नमुन्यात प्रथिन किती आहे ते मोजायच्या पद्धतीचा. ३ लाखांहून जास्त वेळा त्याचा संदर्भ दिला गेलाय. त्याच्या पाठोपाठ लेमली यांचा १९७० चा आणि ब्रॅडफोर्ड यांचा १९७६ चा, तेही पद्धतींचेच. 'नेचर'ने २०१४ मध्ये पहिल्या शंभरांची यादी छापली, तेव्हा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर तिच्या जवळपासही नव्हता. सायटेशन म्हणजे शोधाची खोली असं धरून चालणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. तुमचं काम कितीजणांनी हातात घेऊन वापरलं, एवढंच तो आकडा सांगतो. आणि वापरता येण्यासारखं करून ठेवणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

इथेच आपण सर्वात जास्त कमी पडतो. डीएनएचा क्रम, म्हणजे सिक्वेन्स, जेनबँक या खुल्या संग्रहात भरताना 'पेपर छापून येईपर्यंत गुप्त ठेवा' हा पर्याय निवडायचा, आणि पेपर आल्यावर विसरून जायचं. पेपरात सिक्वेन्सचा नोंदणी क्रमांक (अॅक्सेशन क्रमांक) छापलेला असतो, वाचणारा तो टाकून शोधतो आणि त्याला काहीच सापडत नाही. नांदेडच्या बाईंच्या सहा सिक्वेन्सचं नेमकं हेच झालं होतं. जेनबँक चालवणाऱ्या एनसीबीआयला पेपरचा तपशील कळवला की सिक्वेन्स खुले होतात. भरताना कोणत्या पिकावरून, कोणत्या तालुक्यातून, कधी नमुना घेतला हे नीट लिहा. बदनापूरच्या शिवारातली बुरशी आणि कर्नाटकातली बुरशी यांची तुलना करायची असेल, तर नुसतं 'भारत' लिहून कुणाला काय कळणार?

दुसरी चूक एक्सेलची. कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या एका मुलीची पुरवणी तक्ता-फाइल मी उघडली. जीन्सच्या रकान्यात मध्येच '१-मार्च', खाली '२-सप्टें'. मार्च१ आणि सेप्ट२ ही जीन्सची नावं. एक्सेलने त्यांच्या तारखा करून टाकल्या. ही चूक फार जुनी आणि जगभरची आहे. २०१६ मध्ये 'जीनोम बायोलॉजी'त आलेल्या पाहणीत, जीन-याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ती सापडली. शेवटी २०२० मध्ये मानवी जीन्सची नावं ठरवणाऱ्या समितीने ही नावंच बदलली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट२ चं सेप्टिन२. तरी जुन्या फाइलींमध्ये जुनी नावं आहेतच. फाइल थेट डबलक्लिक करून उघडू नका. आधी कोरी शीट घ्या, रकाना 'टेक्स्ट' करा आणि मग आयात करा. नव्या एक्सेलमध्ये हा आपोआप बदल बंद करायची सोयही आहे.

क्यूपीसीआरवाल्यांसाठी (जीन किती सक्रिय आहे ते मोजणाऱ्यांसाठी) एकच: रेफरन्स जीन (तुलनेसाठी घेतलेला जीन) कोणता, तो तुमच्या ऊतीत स्थिर आहे हे कसं तपासलं, प्रायमरचा (डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याचा) क्रम काय, हे सगळं लिहा. २००९ ची मिक्वी (MIQE) मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठीच आहेत. 'मागच्या पेपरप्रमाणे' असं लिहिलं की वाचणारा तिथेच थांबतो.

संदर्भयादीबद्दल थोडंच सांगते. जो पेपर उघडून वाचला नाही त्याचा संदर्भ देऊ नका. चॅटबॉटने दिलेल्या यादीतला प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा क्रमांक) स्वतः उघडून पाहा. अस्तित्वात नसलेले पेपर त्यात सहज येतात. मागे घेतलेले पेपर झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर स्वतःच लाल पट्टीने दाखवतं. आणि 'तू माझे दे, मी तुझे देतो' हा व्यवहार करू नका. मला हे फोनवर विचारलं गेलंय आणि मी सरळ नाही म्हटलंय.

नांदेडच्या बाईंचे माहेरच्या आडनावाचे तीन पेपर अडीच आठवड्यांनी जोडले गेले, म्हणजे मुलाखत होऊन गेल्यावर. मुलाखतीला त्या छापील प्रती आणि प्रत्येकीचा डीओआय घेऊन गेल्या. वडिलांच्या नावाने छापलेल्या दोन पेपरांसाठी प्रकाशकांना पत्रं गेली. एकाने शुद्धिपत्र छापलं, दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. सहाही सिक्वेन्स आता खुले आहेत.