९९.८ टक्के अ‍ॅक्युरसी आली? पेपर पाठवायच्या आधी या चुका टाळा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी नेटवर्कवरचे हल्ले ओळखणाऱ्या माझ्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९९.८ टक्के आली आणि मी रात्री साडेअकराला सरांना मेसेज टाकला, स्क्रीनशॉटसकट. सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर, "झाड छापून बघ." म्हणजे डिसिजन ट्री, मॉडेल एकामागून एक कुठले प्रश्न विचारून उत्तर ठरवतं त्याचा नकाशा, प्रिंट करून बघ. बघितलं. अगदी वर, जिथून झाडाला पहिल्या दोन फांद्या फुटतात तिथेच, टाइमस्टॅम्पचा कॉलम बसलेला. आयपी अ‍ॅड्रेस मी आठवणीने काढले होते, टाइमस्टॅम्प राहून गेला होता, आणि लॅबमध्ये बनवलेल्या त्या डेटात सगळे हल्ले दुपारच्या ठरलेल्या तासांत केलेले. माझं मॉडेल घड्याळ बघून उत्तर देत होतं, बस्स. कॉलम काढल्यावर आकडा धपकन ८० च्या घरात आला.

तेव्हापासून ज्युनियर मंडळींचे ड्राफ्ट वाचतोय, कुणाचं वायरलेस, कुणाचं डेटा मायनिंग, कुणाचं क्लाउड, बरेचसे सिक्युरिटीवाले, आणि माझं पक्कं मत झालंय की अल्गोरिदम बहुतेकांचा ठीकठाकच असतो, गंडलेलं असतं ते मोजमाप. आकडा वाईट आला की आपण चार दिवस बग शोधत बसतो, चांगला आला की लगेच टेबल बनवायला घेतो. निम्म्या भानगडी इथेच सुरू होतात.

डेटासेट उघडून न बघणं

इंट्रूजन डिटेक्शनवर, म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्यावर, अजूनही केडीडी कप ९९ हा डेटासेट घेऊन पेपर येतात. हा डेटा आला १९९८ मधल्या डार्पाच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, प्रोग्रॅममधून, एमआयटी लिंकन लॅबने उभ्या केलेल्या नकली नेटवर्कवरून. ट्रेनिंगमध्ये सुमारे ४९ लाख ओळी आहेत आणि त्यातल्या २८ लाखांहून जास्त ओळी एकट्या स्मर्फ हल्ल्याच्या, म्हणजे ब्रॉडकास्ट अ‍ॅड्रेसवर पिंग मारून पूर आणायचा तो प्रकार. आता गंमत बघा, राउटरनी असे ब्रॉडकास्ट बाय डीफॉल्ट पुढे पाठवू नयेत हे आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमपत्राने १९९९ मध्येच सांगून टाकलं. म्हणजे तुमच्या मॉडेलचा निम्म्याहून जास्त अभ्यास एका कालबाह्य हल्ल्यावर झालाय. त्यात २००९ मध्ये तपासलं तर ट्रेनिंगमधल्या ७८ टक्के आणि टेस्टमधल्या ७५ टक्के ओळी डुप्लिकेट निघाल्या, मग त्या काढून एनएसएल-केडीडी बनवला गेला. डुप्लिकेट गेले पण ट्रॅफिक १९९८ चंच राहिलं, हे लोक विसरतात.

त्याच लॅबच्या १९९९ च्या डेटाची २००३ मध्ये महोनी आणि चॅन यांनी चिरफाड केली ती मला फार आवडते. पॅकेटमधलं टीटीएल नावाचं साधं फील्ड, म्हणजे पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा, बघितलं तर १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्यांच्याच ट्रॅफिकमध्ये होते, बाकी साध्या ट्रॅफिकमध्ये बहुतेक १२७ आणि २५४. एकाच फील्डवर हल्ला पकडता येतो, डीप लर्निंग कशाला पाहिजे?

बरं, नवा डेटासेट घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. सीआयसी-आयडीएस २०१७ हा ३ ते ७ जुलै २०१७ या पाच दिवसांचा, त्यात सोमवारी हल्लेच नाहीत. पहिल्यांदा लोड करणाऱ्याला हमखास येणारे प्रॉब्लेम सांगतो. 'लेबल' कॉलम मागितला की की-एरर येतो, कारण कॉलमच्या नावाआधी एक स्पेस आहे, तेव्हा आधी सगळी नावं स्ट्रिप करून घ्या. मग ट्रेनिंग सुरू केलं की इन्फिनिटीचा एरर, कारण ज्या फ्लोचा, म्हणजे दोन मशीनमधल्या एका संवादाचा, कालावधी शून्य आहे त्यात बाइट्स पर सेकंद काढताना शून्याने भागलंय. इथे बरेच जण इन्फिनिटीच्या जागी शून्य टाकून मोकळे होतात आणि ते चूक आहे, सगळ्यात वेगवान फ्लो अचानक सगळ्यात मंद दिसायला लागतो. किती ओळी आहेत, कुठल्या लेबलच्या आहेत ते बघा आणि काय केलं ते पेपरमध्ये लिहा. फॉरवर्ड हेडर लेंग्थचा कॉलम दोनदा आलाय, एक काढा.

हार्टब्लीड या हल्ल्याच्या ओळी त्यात आहेत फक्त ११. ट्रेनिंग आणि टेस्ट असं सत्तर-तीसने तोडलं तर टेस्टमध्ये तीनेक जातात, आणि मग पेपरात येतं की हार्टब्लीड १०० टक्के पकडला. तीनपैकी तीन पकडले असं लिहा ना सरळ!

शिवाय फ्लो बनवणाऱ्या टूलमध्येच गडबड होती हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं, टीसीपी कनेक्शन पहिलं फिन (कनेक्शन बंद करतोय असं सांगणारं) पॅकेट दिसताच संपलं असं धरायचं आणि मागून आलेल्या दोन-चार पॅकेटांचा वेगळा छोटा फ्लो व्हायचा, त्यालाही तेच लेबल. दुरुस्त केलेली आवृत्ती उपलब्ध आहे, ती वापरा.

आधी तोडा, मग बाकीचं

डेटा मायनिंगमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि करणाऱ्याला ती चूक वाटतही नाही. हल्ल्यांच्या ओळी कमी म्हणून आधी सगळ्या डेटावर स्मोट चालवायचं आणि नंतर ट्रेन आणि टेस्ट असे दोन भाग करायचे. स्मोट काय करतं, दोन शेजारच्या ओळींच्या दरम्यान कुठेतरी एक नवी ओळ तयार करतं. आता त्या दोघींपैकी एक गेली टेस्टमध्ये आणि मधली खोटी ओळ राहिली ट्रेनमध्ये, म्हणजे पेपर फुटला की हो. स्केलरचं (सगळे आकडे एका मापात आणणारा) तसंच, फीचर सिलेक्शनचं (कामाचे कॉलम निवडणं) तर त्याहून वाईट. तुमच्याकडे हे झालंय का हे बघायची सोपी युक्ती आहे, लेबलचा कॉलम सगळ्या डेटात रँडम शफल करा आणि पूर्ण कोड फीचर सिलेक्शनपासून परत चालवा. आकडा नुसत्या अंदाजाच्या पातळीवर यायला हवा. तरीही दमदार आला तर लीक आहे, शोधत बसा. हो, नुसता स्केलर आधी चालवला असेल तर तो यात सापडत नाही, त्यासाठी कोड वरून खाली वाचण्याला पर्याय नाही.

दुसरा लीक वेळेचा. अँड्रॉइड मालवेअरवाले पाच वर्षांचे अ‍ॅप गोळा करतात आणि रँडम शफल मारतात, म्हणजे पाचव्या वर्षाचे नमुने बघून पहिल्या वर्षाचे ओळखायचे. २०१९ मधलं टेसरॅक्ट नावाचं काम यावरच आहे, वेळेच्या क्रमाने तोडलं की आधीचे भारी आकडे टिकत नाहीत असं त्यांनी दाखवलं. जुन्यावर शिकवा, नव्यावर तपासा. आणि एकाच हल्ल्याचे हजार फ्लो असतील तर ते सगळे एकाच बाजूला ठेवा, निम्मे इकडे निम्मे तिकडे करू नका.

आता अ‍ॅक्युरसी. समजा दिवसाला १० लाख कनेक्शन आहेत, त्यात खरे हल्ले २०. तुमचं मॉडेल २० च्या २० पकडतं आणि फॉल्स पॉझिटिव्ह रेट, म्हणजे साध्या कनेक्शनला चुकून हल्ला म्हणण्याचं प्रमाण, फक्त ०.१ टक्का, पेपरात लिहायला झकास. पण १० लाखांचा ०.१ टक्का म्हणजे १,००० खोटे अलार्म. एकूण १,०२० वाजले, त्यातले खरे २०, दोन टक्केसुद्धा नाहीत. जो माणूस रात्रपाळीला हे अलार्म बघतो तो तिसऱ्या दिवशी ते म्यूट करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्येच हे गणित मांडलंय, तरी अजून अ‍ॅक्युरसीचाच बार चार्ट येतो. प्रिसिजन (वाजलेल्यातले खरे किती) आणि रिकॉल (खऱ्यातले पकडले किती) द्या, आणि खऱ्या प्रमाणात हल्ले ठेवून द्या, ५०-५० केलेल्या डेटावर नको.

हे फक्त नवशिक्यांचं आहे असं समजू नका. २०२२ च्या युझनिक्स सिक्युरिटी कॉन्फरन्समध्ये एक पेपर आला होता, त्यांनी मोठ्या कॉन्फरन्समधले ३० पेपर तपासले आणि प्रत्येकात अशा किमान तीन चुका सापडल्या. मोठ्या कॉन्फरन्समधले, हं.

वायरलेस: दहा रन, एकच उत्तर

एका ज्युनियरच्या ग्राफवर एरर बारच, म्हणजे आकडा किती हलतो ते दाखवणाऱ्या रेघाच, नव्हते. विचारलं तर म्हणे, "दादा, दहा वेळा चालवलं, दहाही वेळा सेमच येतंय, अल्गोरिदम एकदम स्टेबल आहे." एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) डीफॉल्टला ठरलेला असतो, रन नंबरही ठरलेला, त्यामुळे तीच कमांड दहा वेळा मारली तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर येणार. सीड तसाच ठेवा आणि प्रत्येक वेळी रन नंबर बदला, कमांड लाइनवरूनच देता येतो. त्याने बदलला, आणि त्याची पद्धत आणि जुनी पद्धत यांचे एरर बार एकमेकांवर चढले, म्हणजे फरक ठामपणे सांगता येईना. वाईट वाटलं त्याला, पण रिव्ह्यूअरने सांगण्यापेक्षा बरं.

नोड हलवायला रँडम वेपॉइंट, म्हणजे नोडने कुठलंही ठिकाण आणि वेग निवडून तिथे जायचं हे मॉडेल, वापरत असाल तर किमान वेग शून्य ठेवू नका. शून्याच्या जवळचा वेग ज्या नोडला मिळाला तो लांबच्या ठिकाणी पोचतच नाही, तसाच रांगत राहतो, आणि सिम्युलेशन जितकं लांब चालेल तितका सगळ्यांचा सरासरी वेग घटत जातो. २००३ मध्येच हे दाखवून झालंय. किमान वेग शून्यापेक्षा बऱ्यापैकी वर ठेवा आणि सुरुवातीचा काही वेळ मोजणीतून वगळा.

खऱ्या वाय-फायवर मोजणाऱ्यांसाठी एकच, कारण हा प्रश्न मला वर्षातून दोनदा तरी येतो: यूडीपी टेस्टमध्ये स्पीड १ एमबीपीएसच का येतोय, राउटर खराब आहे का. राउटरला काही झालेलं नाही, आयपर्फ-३ या स्पीड मोजायच्या टूलला तुम्ही रेट सांगितला नाहीत तर यूडीपीमध्ये ते १ एमबीपीएसनेच पाठवतं. मी एका ड्राफ्टमध्ये याच्यावर अख्खं अर्धं पान विश्लेषण वाचलंय. आणि २.४ गिगाहर्ट्झवर मोजत असाल तर आधी आजूबाजूला स्कॅन करा, १, ६ आणि ११ सोडून मधल्याच चॅनलवर कोणी बसलं असेल तर दोन्हीकडे त्रास होतो.

क्लाउड

पहिले काही रन झकास, मग सगळं हळू. मेमरी लीक शोधण्यात आठवडा घालवू नका, आधी मशीनचा प्रकार बघा. स्वस्तातल्या बर्स्टेबल मशीन सीपीयू क्रेडिटवर चालतात, क्रेडिट संपलं की वेग खाली येतो. मग होतं काय, सकाळी तुमची पद्धत चालवली तेव्हा क्रेडिट भरलेलं, दुपारी तुलनेची पद्धत चालवली तेव्हा संपलेलं, आणि निष्कर्ष निघतो की तुमची पद्धत ४० टक्के वेगवान! फिक्स परफॉर्मन्सचं मशीन घ्या आणि दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवा, एक ही, एक ती, एक ही, एक ती. शेजारच्या भाडेकरूचा, म्हणजे त्याच सर्व्हरवर चालणाऱ्या दुसऱ्याच्या कामाचा, गोंगाट असेल तर तोही दोघांना सारखा वाटला जातो.

दोन मशीनमधला एकतर्फी डिले कधी निगेटिव्ह आला तर हसू नका, घड्याळं जुळलेली नाहीत. क्रोनी हे घड्याळ जुळवायचं टूल लावा, किंवा सरळ राउंड ट्रिप मोजा.

क्लाउडसिम वापरणाऱ्यांना एवढंच, ते सिम्युलेटर आहे, "क्लाउडवर प्रयोग केला" असं लिहू नका. आणि गूगलचा २०११ चा क्लस्टर ट्रेस घेतलात, २९ दिवसांचा, साधारण १२,५०० मशीनचा, तर त्यातले सीपीयू आणि मेमरीचे आकडे नॉर्मलाइज केलेले (सगळ्यात मोठ्या मशीनच्या प्रमाणात) आहेत हे डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय. तिथल्या ०.५ ला कोणी "अर्धा कोर" म्हणालं की मला कळतं डॉक्युमेंट वाचलेलं नाही.

क्लाउडची गुप्त की (पासवर्डसारखी) कोडमध्ये लिहून गिटवर टाकू नका. पुढच्या कमिटमध्ये काढली तरी हिस्टरीत राहतेच, तेव्हा आधी ती की रद्द करा, हिस्टरी साफ करणं नंतर.

सिक्युरिटीवाल्यांसाठी थोडं वेगळं

स्वतःचं "लाइटवेट एन्क्रिप्शन" काढायचा मोह आवरा. साइक नावाची पोस्ट-क्वांटम (क्वांटम कॉम्प्युटरलाही न फुटावी अशी) पद्धत निस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेच्या, स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली, जगभरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं घासून बघितलेली, आणि २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी तिची सगळ्यात छोटी आवृत्ती साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. तिथे आपण तीन पानांत एक्सॉर आणि केऑस मॅप घालून आणलेल्या स्कीमचं काय होणार? छोट्या उपकरणांसाठी निस्टने २०२३ मध्ये अ‍ॅस्कॉन निवडलाय, पोस्ट-क्वांटमची मानकं एफआयपीएस २०३, २०४ आणि २०५ ऑगस्ट २०२४ मध्ये आली. हे वापरून काय बांधता येतं, कुठे मंद पडतं, गुप्त की कशी सांभाळायची, यात संशोधनाला भरपूर जागा आहे.

दुसऱ्याच्या सिस्टिमवर न विचारता प्रयोग, हा तर विषयच नको. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवून बघितले, २०२१ मध्ये ते प्रकरण पेटलं, अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं बंद झालं आणि स्वीकारलेला पेपर लेखकांना मागे घ्यावा लागला. एथिक्स कमिटीला मेल आधी, स्कॅन नंतर.

लिहिताना पॅराफ्रेज टूल वापरू नका, त्याने साहित्यचोरी लपत नाही, उलट उठून दिसते. २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव यांनी अशा मोडतोड केलेल्या शब्दांची शिकारच केली, क्लाउड कम्प्युटिंगचं झालेलं "हेझ फिगरिंग" आणि बिग डेटाचं "कोलॉसल इन्फर्मेशन". वाचून हसायला येतं, पण ते पेपर छापून आले होते.

आणि शेवटचं एक, आजच करा. आउटपुट फाइलच्या पहिल्या ओळीतच गिट कमिट, पूर्ण कमांड, सीड आणि लायब्ररींच्या आवृत्त्या छापायची सवय लावा. रिव्ह्यू येतो चार-सहा महिन्यांनी आणि टेबल ३ मधला तो आकडा कुठून आला हे तोवर कुणालाच आठवत नसतं, माझ्या फोल्डरमध्ये तेव्हा 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल खरंच' अशा तीन फाइली निघाल्या होत्या, तिन्हींत आकडे वेगळे.