म्हशीच्या दुधातलं एन्रोफ्लॉक्सासिन थेंबभर क्लोरोफॉर्मने कसं पकडायचं

म्हशीला दगडी (कासेचा दाह) झाली की एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं जातं. औषध अंगातून उतरेपर्यंतचं दूध बाजूला काढायचं असतं. काढलं नाही तर ते सरळ कॅनमध्ये येतं आणि घरी उकळूनही फारसं कमी होत नाही. हे तपासायला नागपुरात आमच्या लॅबमध्ये नवी मुलं येतात तेव्हा त्यांना मशीनची घाई असते. मी त्यांना आधी नमुन्यापाशी बसवते. निकाल तिथेच बिघडतो.

नमुना पॉलिप्रोपिलिनच्या बाटलीत घ्या, काचेला हे औषध थोडं चिकटतं. बाटलीवर फॉइल गुंडाळा, उजेडात ते तुटतं. काटोल-कळमेश्वरकडून येणाऱ्या गाडीत बर्फ भरपूर हवा. वाटेत फाटलेलं दूध मी तपासायला घेतच नाही.

2 मिली दुधात किंचित फॉर्मिक ॲसिड घालून व्हॉर्टेक्सवर (नळी वेगाने हलवणाऱ्या यंत्रावर) फिरवत 4 मिली ॲसिटोनायट्राइल हळूहळू सोडा. एकदम ओतलं तर मोठ्या गुठळ्या होतात आणि औषध आत अडकतं. रव्यासारखे बारीक कण दिसायला हवेत. मग 4 अंशांवर 10 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने गरगर फिरवून घन भाग वेगळा करा. म्हशीच्या दुधाला ही थंडी लागतेच, नाहीतर स्निग्धांश घट्ट होऊन वेगळा होत नाही.

आता खरं काम. टोकदार तळाच्या नळीत 7 पीएचचं 5 मिली बफर घ्या. आधीच्या सेंट्रिफ्यूजमधून मिळालेल्या 1 मिली निवळीत 200 मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म मिसळा आणि सिरिंजने बफरमध्ये एका दमात मारा. नळी क्षणात धूसर होते. ॲसिटोनायट्राइल पाण्यातही मिसळतं आणि क्लोरोफॉर्ममध्येही, म्हणून क्लोरोफॉर्मचे असंख्य सूक्ष्म थेंब होतात आणि औषधाला शिरायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. ही पद्धत इराणी संशोधकांनी 2006 मध्ये मांडली. कमी द्रावकात एवढं काम होतं, म्हणून मला ती फार आवडते. पुन्हा सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी थेंब जमतो. त्यावर प्रथिनांचा पांढरा पापुद्रा असतो. सुई त्याच्या खाली नेऊनच थेंब ओढा.

डायक्लोरोमीथेन वापरू नका. ते 40 अंशांच्या आसपास उकळतं आणि मे महिन्यात नागपूरचा पारा 45 गाठतो. क्लोरोफॉर्म 61 अंशांपर्यंत टिकतं, तरी काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका.

थेंब नायट्रोजनखाली वाळवून मोबाइल फेजमध्ये (मशीनमधून वाहणाऱ्या द्रावकात) विरघळवा आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर लावा. फ्लुओरेसन्स डिटेक्टर औषधावर 280 नॅनोमीटरचा उजेड टाकून 450 नॅनोमीटरची चमक मोजेल असा ठेवा. कॅलिब्रेशन (ठाऊक प्रमाणावरून मोजमाप ठरवणं) शुद्ध द्रावकात करू नका. औषध न दिलेल्या म्हशीच्या दुधात ठरावीक प्रमाणात औषध घालून तीच सगळी प्रक्रिया करा.

एन्रोफ्लॉक्सासिनचं अंगात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, आणि युरोपातली किलोमागे 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा दोघांची मिळून आहे. सिप्रो क्लोरोफॉर्ममध्ये यायला नाखूश असतं. त्याची रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी किती टक्के परत मिळालं ते, वेगळी काढा. ती कमी आली तर बफरमध्ये मीठ वाढवून पाहा, पण एन्रोच्या आकड्यावर सिप्रोचा अंदाज बांधू नका.

मशीनच्या आलेखावरचं पीक (औषधाचा उंचवटा) मर्यादेच्या वर गेलं तरी लगेच अहवाल लिहू नका. तोच नमुना एलसी-एमएस/एमएसवर (रेणूच्या वस्तुमानावरून औषध ओळखणाऱ्या मशीनवर) पक्का करून घ्या, मगच गवळ्याला कळवा.